दूध, दहीं, ताक आणि तूप : अधिक हितकर कोणतें?

गेल्या पालकसभेच्या दिवशीं सभा संपून मंडळी चहास उठली असतां नववीच्या एका मुलीचे वडील माझ्यापाशीं आले. गृहस्थ शेतकरी, घरीं दोन म्हशी. मोठ्या संकोचानें ते म्हणाले, "मास्तर, पोरगी फार अशक्त झाली आहे. जिना चढली तरी दम लागतो. महिन्याकांठीं थोडे पैसे उरतात, त्यांतून तिला तुपाचा डबा आणावा कीं दूध चालू करावं? तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा." मीं घाईघाईनें उत्तर दिलें, "दोन्ही चांगलंच. जमेल तें द्या." ते नमस्कार करून निघून गेले.

घरीं जातांना माझें मन मला खाऊं लागलें. ज्या घरीं दोन म्हशी दुभतात त्या घरच्या मुलीस दूध 'चालू करावें' लागतें, ही गोष्ट त्या वेळीं माझ्या ध्यानांतहि आली नाहीं. आणि वीस वर्षें मुलांस शिकविणाऱ्या माणसानें एका बापाच्या खऱ्याखुऱ्या अडचणीस 'दोन्ही चांगलें' एवढें सांगून वाटेस लावावें, याची मला लाज वाटली. त्या प्रश्नाचा मीं नंतर जो विचार केला व वर्गांतील मुलामुलींकडून जो करवून घेतला, तो येथें क्रमानें मांडीत आहें. विद्यार्थ्यांनीं तो धडा म्हणून वाचावा. पालकांनीं तें त्या गृहस्थांस उशिरां दिलेलें उत्तर समजावें.

प्रथम वर्गाची स्थिति सांगतों. "आज सकाळीं दूध कोण कोण प्यालें?" असें मीं विचारलें तेव्हां चाळीस मुलांपैकीं नऊ हात वर झाले. "चहा कोणीं घेतला?" असें विचारतांच जवळजवळ सगळ्या वर्गानें हसत हात वर केले. ज्यांच्या घरीं गाय किंवा म्हैस आहे अशीं अकरा मुलें निघालीं. त्यांपैकीं दूध पिऊन आलेलीं तीनच. कारण विचारलें तर एक मुलगी म्हणाली, "सर, दूध डेअरीला जातं. आम्हांला चहापुरतं ठेवतात."

१९९८ च्या सुमारास आपला देश दुधाच्या उत्पादनांत जगांत पहिला झाला व तें स्थान त्यानें आजवर टिकविलें आहे. त्या यशांत अशाच लहान लहान घरांचा वांटा मोठा आहे. तेव्हां ज्यांच्या दावणीला दुभतें जनावर आहे त्यांच्याच मुलांच्या पेल्यांत दूध नसावें, हें विचार करण्यासारखें आहे. दूध विकूं नये असें मी म्हणत नाहीं. त्याच पैशांतून वह्या-पुस्तकें येतात. परंतु विकतांना आपण काय देतों आणि ठेवतांना काय ठेवतों, एवढें तरी घरांतील प्रत्येकास कळलें पाहिजे.

१. दुधांत काय असतें?

१०० ग्रॅम गाईचें दूध घेतलें तर त्यांत सुमारें ८७ ग्रॅम पाणीच असतें. उरलेल्या १३ ग्रॅमांत साडेचार ते पांच ग्रॅम दुग्धशर्करा, चार ग्रॅमांच्या आसपास स्निग्धांश, तीन ते साडेतीन ग्रॅम प्रथिनें आणि पाऊण ग्रॅमाच्या जवळपास क्षार असतात. क्षारांत सर्वांत महत्त्वाचें तें कॅल्शियम, म्हणजे हाडें व दांत ज्यानें बळकट होतात तें द्रव्य. तें सुमारें १२० मिलिग्रॅम भरतें. म्हशीच्या दुधांत पाणी कमी व स्निग्धांश सहा-सात ग्रॅम असतो. म्हणून तें दाट लागतें व त्यावर साय जाड येते.

आतां हे घटक दुधांत कसे राहतात तें पाहा. स्निग्धांश अतिशय बारीक थेंबांच्या रूपानें पसरलेला असतो व दूध स्थिर ठेवलें कीं वर येतो. अ जीवनसत्त्व त्याच्याच सोबतीनें राहतें. प्रथिनांपैकीं पांचांतील चार भाग केसीन नांवाच्या प्रथिनाचे असतात व कॅल्शियमचा मोठा भाग या केसीनला धरून असतो. दूध नासलें किंवा विरजलें म्हणजे जें घट्ट होतें तें हेंच केसीन. दुग्धशर्करा व ब गटांतील जीवनसत्त्वें पाण्याच्या भागांत विरघळलेलीं असतात. चक्का टांगला असतां फडक्यांतून जें पाणी गळतें त्यास हिरवट पिवळी झांक दिसते. ती ब२ या जीवनसत्त्वाची. हें जीवनसत्त्व प्रकाशानें नाश पावतें, म्हणून दुधाचें भांडें उन्हांत उघडें ठेवूं नये.

याप्रमाणें स्निग्धांश, केसीन व पाणी असे दुधाचे तीन भाग झाले. दुधाचा कोणताहि पदार्थ घ्या. तो या तीन भागांची कांहीं तरी वांटणी होऊनच तयार झालेला असतो. म्हणून पदार्थाची परीक्षा करतांना तीन प्रश्न विचारावे : दुधांतून काय काढलें? त्यांत बाहेरून काय घातलें? आणि जें राहिलें त्यांत काय पालट झाला? हे तीन प्रश्न ज्यास विचारतां आले त्यास जाहिरातींचा सल्ला घेण्याची गरज फारशी पडणार नाहीं.

२. एक लिटर दुधाचा हिशेब

हा विषय नुसता फळ्यावर न ठेवतां आम्हीं विज्ञानाच्या खोलींत एक प्रयोग केला. एका मुलानें घरून म्हशीचें एक लिटर दूध आणलें. तें तापवून, कोमट झाल्यावर विरजण लावून ठेवलें. दुसऱ्या दिवशीं कवडी दहीं झालें. मुलींनीं रवीनें तें घुसळलें, थंड पाणी घालून लोणी काढलें, तें धुऊन कढविलें आणि तूप गाळून तराजूंत घातलें. तूप साठ ग्रॅमांच्या आंतच भरलें.

मीं विचारलें, "दूध एक लिटर होतें आणि तूप एवढेंसें. बाकीचें कोठें गेलें?" एक मुलगा म्हणाला, "बेरींत!" त्यावर सगळे हसले, कारण बेरी तर चमचाभरच होती व ती त्यानेंच साखर घालून खाल्ली होती. मग मागच्या बाकावरून उत्तर आलें, "सर, ताकांत." हें उत्तर बरोबर होतें. त्या लिटरभर दुधांतील सुमारें चाळीस ग्रॅम प्रथिनें व हजार मिलिग्रॅमांहून अधिक कॅल्शियम हें सर्व, थोडा अंश सोडला तर, त्या ताकाच्या पातेल्यांत होतें. तुपांत यांपैकीं कांहींच गेलें नव्हतें.

तुलनेसाठीं आम्हीं भिंतीवर जो तक्ता लावला तो असा. आंकडे १०० ग्रॅम पदार्थाचे असून अंदाजी आहेत. जनावर, चारा व करण्याची रीत यांप्रमाणें ते बदलतात.

गाईचें दूध : उष्मांक ६५ ते ७५, प्रथिनें ३ ग्रॅम, स्निग्धांश ४ ग्रॅम, कॅल्शियम १२० मिलिग्रॅम.
म्हशीचें दूध : उष्मांक १०५ ते ११५, प्रथिनें ४ ग्रॅम, स्निग्धांश ६॥ ते ७ ग्रॅम, कॅल्शियम गाईच्या दुधाइतकें किंवा त्याहून अधिक.
दहीं : ज्या दुधाचें लावलें असेल जवळजवळ त्याच्याइतकेंच सर्व.
पातळ ताक : उष्मांक १५, प्रथिनें व स्निग्धांश प्रत्येकीं १ ग्रॅमाच्या आसपास, कॅल्शियम ३० मिलिग्रॅम.
पनीर : प्रथिनें १८ ते १९ ग्रॅम, स्निग्धांश १५ ते २५ ग्रॅम, कॅल्शियम ४५० ते ५०० मिलिग्रॅम.
म्हशीच्या दुधाचा खवा : उष्मांक ४२०, प्रथिनें १४ ते १५ ग्रॅम, स्निग्धांश ३१ ग्रॅम, कॅल्शियम ६५० मिलिग्रॅम.
तूप : उष्मांक ९००; प्रथिनें नाहींत; स्निग्धांश जवळजवळ १०० ग्रॅम; कॅल्शियम नाहीं.

३. तुपाचा मान

'खाईन तर तुपाशीं, नाहीं तर उपाशीं' ही म्हण आपणांस सर्वांस ठाऊक आहे. आपल्या घरांत तुपाचा जो मान आहे तो तिच्यांत पुरा उतरला आहे. हा मान अगदींच अकारण नाहीं. १९१३ सालीं अमेरिकेंत एल्मर मॅक्कॉलम व मार्गरेट डेव्हिस यांनीं उंदरांवर प्रयोग केले. ज्या उंदरांच्या अन्नांत डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचें तेल होतें त्यांची वाढ कांहीं काळानें खुंटे. लोण्यांतील स्निग्धांश दिला कीं ती पुन्हां सुरू होई. ज्यास आपण आज अ जीवनसत्त्व म्हणतों त्याचा शोध अशा रीतीनें लोण्यांतून लागला. शिवाय दूध दिवसभरहि टिकत नसे त्या काळीं तूप महिनोन् महिने टिके, ही सोय कांहीं लहान नव्हती.

तरी पहिला प्रश्न विचारून पाहा. तूप करतांना दुधांतून काय काढलें? पाणी, प्रथिनें, शर्करा, कॅल्शियम व ब गटांतील जीवनसत्त्वें, असें सर्व काढलें आणि स्निग्धांश तेवढा ठेवला. म्हणजे तूप हें इंधन आहे. घर बांधण्याच्या विटा त्यांत नाहींत. एका लहान चमच्यांत, म्हणजे पांच ग्रॅमांत, ४५ उष्मांक असतात. जो मुलगा खरोखर कमी खातो व दिवसभर धांवतो त्याच्या भातावर एक चमचा तूप घातल्यानें त्यास शक्ति मिळेल व अन्नहि रुचेल. परंतु तुपांतील साठ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश संपृक्त जातीचा असतो, आणि तो आहारांत फार झाल्यास रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढतें. म्हणून बसून काम करणाऱ्या मोठ्या माणसांनीं चमचा मोजून घ्यावा.

आतां त्या गृहस्थांच्या पैशाचा हिशेब. एक किलो तूप करावयास म्हशीचें पंधरा लिटर दूध तरी लागतें. बाजारांत एक किलो तुपास जी किंमत पडते तींत साधारणतः नऊ-दहा लिटर पिशवीचें दूध येतें. नऊ लिटर म्हणजे महिनाभर दररोज ३०० मिलिलिटर. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं जे आहारविषयक नियम प्रसिद्ध केले त्यांत दोन हजार उष्मांकांच्या आहारास दुधाचें किंवा दह्याचें हेंच प्रमाण सांगितलें आहे. तात्पर्य, जो पैसा तुपाच्या एका डब्यांत जातो त्यांतच मुलीचें महिन्याचें दूध होतें. आणि त्या दुधांतून तिला रोज नऊ-दहा ग्रॅम प्रथिनें व साडेतीनशें मिलिग्रॅमांच्या जवळपास कॅल्शियम मिळतें.

४. दहीं आणि ताक

दह्यांत दुधाचें कांहीं काढलें जात नाहीं व बाहेरचें कांहीं पडत नाहीं. जो होतो तो पालट. विरजणांतील जिवाणू दुग्धशर्करेचा कांहीं भाग खाऊन तिचें आम्ल करतात व त्या आम्लानें केसीन थिजतें. याचे दोन लाभ होतात. पहिला असा कीं, आंबटपणामुळें दुधांत सहज वाढणाऱ्या पुष्कळ जंतूंस तेथें वाढतां येत नाहीं. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या देशांत पुष्कळ प्रौढ माणसांस दूध प्याल्यावर पोट फुगणें, गुडगुडणें असा त्रास होतो. लहानपणीं दुग्धशर्करा पचविणारा जो रस आंतड्यांत असतो तो वयाबरोबर त्यांच्यांत कमी झालेला असतो. दह्यांतील जिवाणू ही शर्करा पचविण्यास स्वतःच मदत करतात. म्हणून ज्यांस दूध सोसत नाहीं अशा बहुतेकांस दहीं सोसतें. अशा मनुष्यानें दुधाच्या नांवानें हळहळण्याचें कारण नाहीं. त्यानें दहीं खावें. त्यास तोटा होत नाहीं.

दह्याच्या स्तुतींतहि माप ठेवावें लागतें. रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनाबद्दल १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांचें असें मत होतें कीं, बल्गेरियांतील शेतकरी दीर्घायुषी होतात तें आंबट दुधामुळें. यूरोपांत त्या काळीं दह्याचा मोठा बोलबाला झाला. पण त्या दह्यांतील जिवाणू माणसाच्या आंतड्यांत कायमची वस्ती करीत नाहींत, असें पुढें दिसून आलें. तेव्हां दहीं हितकर खरें, परंतु तें अमृत नव्हे; आज खाल्लेलें आज उपयोगी पडतें, आणि उद्यांसाठीं उद्यां पुन्हां खावें लागतें.

ताकाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. 'ताकाला जाऊन भांडें कां लपवावें?' ही म्हण कशी निघाली? ज्या घरीं दुभतें असे त्या घरून शेजाऱ्यांनीं ताक मागून नेण्याची चाल होती. तें विकणें कमीपणाचें वाटे. तूप घरांत राही किंवा बाजारीं जाई, आणि ताक फुकट वांटलें जाई. आपल्या प्रयोगाच्या आंकड्यांवरून पाहिलें तर गरीब शेजारी जें फुकट नेई त्यांतच लिटरभर दुधाचीं बहुतेक सर्व प्रथिनें व कॅल्शियम असे! लोकांनीं हें जाणून केलें कीं न जाणून, तें कोणीं सांगावें? परंतु त्या चालीनें कित्येक मुलांचीं हाडें बळकट झालीं असतील यांत मला शंका नाहीं. आतां दूध सकाळींच डेअरीस जाऊं लागल्यापासून घरोघरचें घुसळण कमी झालें व मागितलें तर मिळणारें ताकहि कमी झालें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आपण 'ताक' म्हणून जें पितों त्यांत दह्याच्या तिप्पट-चौपट पाणी असल्यास त्याचा गुणहि चौथा-पांचवा हिस्साच उरतो. उन्हांतून आलेल्या माणसाची तहान भागविण्यास असें ताक उत्तम. सरबतापेक्षां व बाटलींतील गोड पाण्यापेक्षां तें केव्हांहि बरें. पण त्याचा एक पेला पिऊन दुधाचा पेला प्यालों असें मानूं नये. मुलांस ताक द्यावयाचें तर दाटसर द्यावें, मीठ बेतानें घालावें, आणि शक्य तेथें नाचणीची आंबील करून त्यांत तें मिसळावें. १०० ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमांच्या आसपास कॅल्शियम असतें. नाचणी आणि ताक यांची जोडी आपल्या आजीबाईंनीं फार विचारानें जुळविली आहे.

५. चक्का, पनीर, खवा व चीज

या पदार्थांत पाणी काढून दूध आटोपशीर केलेलें असतें. पनीर व चक्का यांतून गाळलेलें पाणी जातें व त्याबरोबर थोडीं प्रथिनें, शर्करा व जीवनसत्त्वें जातात. हें पाणी मोरींत न ओततां त्यांत कणीक भिजवावी किंवा तें आमटींत घालावें. खव्यांतून पाणी वाफेनें जातें व बाकीचें सर्व राहतें; चार-पांच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. चीज हा विलायती पदार्थ आतां आपल्या मुलांसहि आवडूं लागला आहे. त्यांत प्रथिनें व कॅल्शियम भरपूर, परंतु स्निग्धांश व मीठहि बरेंच. म्हणून तें चवीपुरतें बरें.

पनीर व खवा हे मूळचे पौष्टिक पदार्थ आहेत. बिघाड होतो तो दुसऱ्या प्रश्नाच्या ठिकाणीं : बाहेरून काय घातलें? श्रीखंडांत चक्क्याच्या जवळपास बरोबरीनें साखर पडते. पेढे, बर्फी, बासुंदी यांचेंहि तसेंच. सणावारीं, लग्नकार्यांत हे पदार्थ आनंदानें खावे. त्यांस नांवें ठेवून कोणाचा उत्सव मोडूं नये. पण पेढा खाल्ला म्हणजे दूध पोटांत गेलें, ही समजूत मात्र सोडावी. फळांचा स्वाद दिलेलें दहीं, दुधांत घालावयाची 'शक्तिवर्धक' भुकटी व डब्यांतील गोड आटीव दूध यांसहि हाच प्रश्न लागू आहे. त्यांच्यावर साखरेचा आंकडा छापलेला असतो. तो वाचण्याची संवय प्रत्येक विद्यार्थ्यानें लावून घ्यावी.

६. पिशवीचें दूध व सुटें दूध

शहरांतील पालक नेहमीं विचारतात कीं, कोणत्या रंगाची पिशवी घ्यावी? रंगापेक्षां तीवरील अक्षरें वाचावीं. 'फुल क्रीम' दुधांत स्निग्धांश सहा टक्के, 'स्टँडर्डाइज्ड' दुधांत साडेचार, 'टोन्ड' दुधांत तीन व 'डबल टोन्ड' दुधांत दीड टक्का असतो. प्रथिनें व कॅल्शियम यांत फारसा फरक पडत नाहीं. वाढत्या वयाच्या, सडपातळ मुलांस पहिलीं दोन ठीक. ज्यांस हृदयविकार आहे किंवा वजन कमी करावयाचें आहे अशा मोठ्या माणसांस शेवटचीं दोन ठीक. स्वस्त दूध घेतलें म्हणून मुलाचें नुकसान केलें असें कोणत्याहि आईनें मनांत आणूं नये.

पिशवीचें दूध ७२ अंश सेल्सिअस उष्णतेवर पंधरा सेकंद तापवून लगेच थंड केलेलें असतें. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्या संशोधनांतून ही रीत निघाली, म्हणून तिला पाश्चरीकरण म्हणतात. गवळ्याकडचें किंवा गोठ्यांतील सुटें दूध मात्र उकळल्याशिवाय कोणीहि पिऊं नये. क्षय व ब्रुसेलोसिस यांसारखे रोग जनावराच्या कच्च्या दुधांतून माणसास होऊं शकतात. धारोष्ण दुधाची थोरवी जुनी आहे. पण जंतूंस थोरवीचा मुलाहिजा नसतो.

७. प्रयोग काय सांगतात?

दुधानें मुलें खरोखर वाढतात काय, याचा एक प्रसिद्ध प्रयोग लंडनजवळील मुलांच्या एका वसतिगृहांत झाला. डॉ. कोरी मान यांनीं तो केला व त्याचा वृत्तांत १९२६ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींचें जेवण घेणाऱ्या मुलांचें वजन वर्षाकांठीं सरासरी ३.८५ पौंड वाढलें व उंची १.८४ इंच. त्याच जेवणावर ज्यांस दररोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरास थोडें अधिक, दूध मिळालें त्यांचें वजन ६.९८ पौंड व उंची २.६३ इंच वाढली. नेहमींचें जेवण पाहणारास पुरेसें वाटणारें होतें, ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पोट भरलें म्हणजे पोषण झालें असें नसतें.

मोठ्या माणसांविषयींची एक पाहणी २०१८ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आली. एकवीस देशांतील एक लाख तीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तींत होती. जे दूध व दहीं बऱ्यापैकीं खात त्यांच्यांत हृदयविकार व मृत्यु कमी आढळले. लोण्याच्या बाबतींत तसा लाभ दिसला नाहीं. तथापि विद्यार्थ्यांनीं येथें एक भेद शिकावा. लंडनच्या प्रयोगांत दूध मुद्दाम दिलें होतें. या पाहणींत लोक जें खात होते तें केवळ नोंदविलें होतें. दूध परवडणारा मनुष्य औषध, घर व विश्रांति यांतहि सुखी असूं शकतो. म्हणून अशा पाहणीवरून दिशा कळते, पण खात्री होत नाहीं.

८. कोणास काय द्यावें?

पहिले सहा महिने बाळास आईचेंच दूध द्यावें; दुसरें कांहीं नको. त्यापुढें वरचें अन्न सुरू करावें. दोन-तीन वर्षांच्या मुलास दिवसभर दुधाच्या बाटलीवर ठेवूं नये. त्यानें भूक मरते व इतर अन्न पोटांत जात नाहीं. शाळेंत जाणाऱ्या मुलास दोन वेळचें मिळून ३०० मिलिलिटर दूध किंवा तितकें दहीं असावें. तेरा ते पंधरा वर्षांच्या वयांत दररोज सुमारें एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. दुधानें त्याचा तिसरा हिस्सा भागतो. बाकीचें नाचणी, तीळ, पालेभाज्या व कांट्यांसकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी यांतून मिळवावें. जे मांस, मासे, अंडीं खात नाहींत त्यांस ब१२ जीवनसत्त्व मुख्यतः दूध-दह्यांतूनच मिळतें. त्यांनीं तें टाळूं नये. वृद्धांस दहीं व दाट ताक सोयीचें. मधुमेह्यानें साखरेशिवाय घ्यावें. मूत्रपिंडाचा विकार असणारानें डॉक्टरांस विचारून प्रमाण ठरवावें.

आतां तूप, दूध, दहीं यांपैकीं कोणींहि न देणारी एक वस्तु सांगून हा लेख संपवितों. ती वस्तु म्हणजे लोह. दुधांत लोह अगदीं नांवापुरतें असतें व क जीवनसत्त्वहि तसेंच. मीं त्या गृहस्थांस पुन्हां भेटून मुलीचें रक्त तपासून घेण्यास सांगितलें. तपासणींत रक्त कमी असल्याचें निघालें. तिचा दम लागणें तुपानें गेलें नसतें, आणि एकट्या दुधानेंहि नाहीं. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या. घरीं हळीव, डाळी, पालेभाज्या व त्यांवर लिंबू सुरू झालें, आणि जेवणावर लगेच चहा घेण्याची संवय बंद झाली, कारण चहानें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं. तुपाचा डबा आणण्याचें राहिलें. दोन म्हशींच्या दुधांतून सकाळीं अर्धा लिटर आतां घरांत ठेवतात. तें तिला व तिच्या धाकट्या भावाला सारखें वांटून मिळतें. 'सारखें' हा शब्द मीं मुद्दाम लिहिला आहे, कारण दूध मुलग्याला व चहा मुलीला अशी वांटणी अजून पुष्कळ घरीं चालते.

तिचें वजन किती वाढलें तें वर्षअखेरीस शाळेचा तराजू सांगेल. मला मात्र एक गोष्ट तिच्या वडिलांनीं शिकविली. 'दोन्ही चांगलें' हें उत्तर देणाराचा वेळ वांचवितें; विचारणाराचें काम त्यानें होत नाहीं. कोणतें, किती, कोणाला आणि किती पैशांत, हें सांगितलें तरच तें उत्तर होय.

विद्यार्थ्यांसाठीं प्रश्न

१. तुमच्या घरीं दररोज किती दूध येतें किंवा निघतें? त्यांपैकीं विकण्यास, चहास व पिण्यास किती जातें, तें एक आठवडा मोजून लिहा.
२. घरांतील प्रत्येक माणसाच्या वांट्यास किती दूध किंवा दहीं येतें? सर्वांत कमी कोणास मिळतें व कां?
३. दुधाच्या कोणत्याहि तीन पदार्थांच्या वेष्टनावरील स्निग्धांश, प्रथिनें व साखर यांचे आंकडे उतरून त्यांची तुलना करा.
४. आमच्या प्रयोगाप्रमाणें गाईच्या एक लिटर दुधाचें तूप काढल्यास तें म्हशीच्या दुधाहून कमी भरेल कीं अधिक? आधीं अंदाज लिहा व मग आईच्या परवानगीनें करून पाहा. ताक ओतून टाकूं नका.